फक्त लसणावर होणारं रात्रीचं जेवण: ठेचून की चिरून?

खटावची_लेक

नमस्कार मंडळी. नोकरीमुळं साताऱ्यात आहे. पोवई नाक्याच्या जवळ एका खोलीत आम्ही दोघी राहतो. एक शेगडी, कुकर, कढई, लोखंडी तवा आणि घरून आणलेला छोटा खलबत्ता एवढाच संसार. संध्याकाळी सात-साडेसातला कुलूप उघडतो तेव्हा कांदा चिरा, टोमॅटो परता, वाटण लावा एवढं त्राण दोघींतही उरलेलं नसतं. भाकरी मात्र मी थापते. ती नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही.

अशा स्वयंपाकात खरं काम लसूण करतो. तेल, मोहरी, लसूण, घरची लाल चटणी, मीठ. एवढ्यावर आमटी होते, पालेभाजी होते, सकाळचा भात परतून होतो. आई चैत्रात वर्षाची चटणी डंकावरून कुटून आणते, तिच्यात लसूण असतोच, तरी फोडणीला वेगळा लागतोच.

दोन प्रश्न आहेत. कांदा नाही, गरम मसाला नाही, असं फक्त लसणाच्या जिवावर होणारं जेवण तुमच्या घरी काय करतात? अर्ध्या तासातलं सांगा. दुसरा प्रश्न आमच्या खोलीतल्या भांडणाचा. मैत्रीण मिरजेची, ती लसूण सुरीनं बारीक चिरते. मी सालासकट ठेचते. ती म्हणते ठेचलेला कढईला लागतो. मी म्हणते चिरलेला भाजीत उतरतच नाही, प्रत्येक तुकडा आपापल्या ठिकाणी बसून राहतो. साध्या जेवणाला ठेचलेलाच हवा असं माझं ठाम मत आहे. तुम्ही सांगा.

माणगंगेकाठी

ताई, ठेचूनच. यात विचारायचं काय!

आम्ही म्हसवडकडचे. आमच्याकडं पाऊस कमी, भाजीपाला त्याहून कमी, त्यामुळं कडधान्य आणि लसूण यांनीच घरं चालवली. हुलग्याची, म्हणजे कुळथाची, शेंगोळी करून बघा. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, जिरं, ओवा, तिखट, मीठ आणि भरपूर ठेचलेला लसूण. घट्ट मळायचं. हातावर वळून छोटी वेटोळी करायची. कढईत तेल तापवून पुन्हा लसूण, मग पाणी आणि पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक वेटोळं सोडायचं. पाणी उकळत नसेल तर शेंगोळी फुटून त्याचं पिठलं होतं. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यानं धुऊन तेच पाणी वरून ओतायचं, रस्सा आपोआप दाट होतो. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं.

यात लसूण दोनदा जातो, पिठात आणि तेलात. दोन्हींची चव वेगळी लागते, आणि दोन्ही लागतात.

मिरज_जंक्शन

मैत्रिणीच्या बाजूनं मी उभा आहे, तिला सांगा.

ठेचलेल्या लसणात पाणी सुटतं. तापलेल्या तेलात ते तडतडतं, लगदा कढईला धरतो, कडेचा भाग काळा आणि मधला कच्चा राहतो. काळ्या लसणाचा कडूपणा अख्ख्या आमटीत जातो आणि त्यावर उतारा नाही. चिरलेला लसूण एकसारखा तळला जातो. मंद आचेवर कडा बदामी झाल्या की आच बंद करायची, उरलेलं काम गरम तेल करतं.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर लसणी भात. सकाळचा मोकळा भात, तेल, मोहरी, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता, आठ-दहा पाकळ्यांचे पातळ काप, हळद, मीठ. हळद आमच्या सांगलीचीच हवी! वरून लिंबू, जोडीला ताक आणि भाजलेला पापड. दहा मिनिटांत पान वाढलं जातं.

कराडची_सून

दोघांचं वाचलं. लसूण चिरायचा की ठेचायचा हे कढईत काय होणार आहे त्यावर आमच्याकडं ठरतं. भातात काप दिसले पाहिजेत, दाताखाली आले पाहिजेत. आमटीत दिसता कामा नये.

पण ताईंनी अर्धा तास म्हटलंय, म्हणून शेंगोळी रविवारी. आठवड्यातल्या दिवसांना खर्डा आणि पिठलं.

खर्डा असा. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, हिरव्या मिरच्या मोडून, लसणाच्या पाकळ्या अख्ख्या. मिरचीला पांढरे-काळे डाग पडेपर्यंत परता. मिठाचे खडे आणि जिरं घाला. मग गॅस बंद करून तव्यावरच जाड बुडाच्या वाटीनं रगडा. मिक्सरला लावू नका, त्यात त्याची पेस्ट होते. खर्डा ओबडधोबडच असायला हवा. मूठभर भाजलेले शेंगदाणे घातले तर तिखटपणा खाली येतो. भाकरी गरम असतानाच वर खर्डा ठेवायचा आणि त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल सोडायचं.

पिठल्याला एक वाटी बेसन असेल तर तीन वाट्या पाणी. लसूण ठेचून, तोही फोडणीत हिरव्या मिरचीच्या आधी. मिरची आधी गेली तर सगळ्या घराला ठसका लागतो आणि लसूण तसाच पांढरा राहतो. बेसन पाण्यात कालवून ओतलं की हात थांबवायचा नाही. वर कोथिंबीर. झालं.

नवीन_संसार

नमस्कार, या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितोय. सध्या विट्याला असतो. बाजारात आलं-लसूण पेस्टची पाकिटं मिळतात, त्यावर हे पदार्थ होतील का? आणि एकाच वेळी भरपूर लसूण सोलून, वाटून तेलात घालून बरणीत भरून ठेवला तर आठवडाभर चालेल का? ओट्यावर ठेवायचा विचार आहे, हाताशी राहील.

रसायनवाले_सर

@नवीन_संसार, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते महत्त्वाचं आहे. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. लसूण मातीत वाढतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. एरवी ते काही करत नाहीत. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नाही, ओट्यावर ऊब आहे. त्यांना वाढायला नेमकं हेच हवं असतं. तयार होणारं विष मज्जासंस्थेवर हल्ला करतं आणि तेलाला वास किंवा चव बदलल्याचं कळतही नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तेलातल्या चिरलेल्या लसणामुळं अशी विषबाधा झाली होती, पुष्कळ लोक आजारी पडले. वाटलेला लसूण फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा, किंवा बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा. खोबरं-लसणाची सुकी चटणी वेगळी, तिच्यात पाणी फारच कमी असतं.

आता ठेचणं आणि चिरणं. मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळं राहवत नाही.

अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, हे नाकाशी धरून बघा. तिच्यात ॲलिइन नावाचा पदार्थ आणि ॲलिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, पण पेशीत दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की दोघं भेटतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार व्हायला लागतं. आपण ज्याला लसणाचा झणका म्हणतो तो हा. १९४४ मध्ये चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी तो वेगळा काढून दाखवला. जितक्या जास्त पेशी फुटतील तितका झणका जास्त. म्हणून ठेचलेला सगळ्यांत उग्र, चिरलेला त्याहून सौम्य आणि खर्ड्यातला अख्खा भाजलेला जवळजवळ गोड, कारण उष्णतेनं ते विकर आधीच निकामी झालेलं असतं.

दुसरं, ॲलिसिन टिकाऊ नाही. गरम तेलात त्याचे दुसरे गंधकयुक्त पदार्थ होतात, त्यांचा वास खमंग, पण झणका गेलेला. तेलात विकरही निकामी होतं, त्यामुळं ठेचल्यावर पाच-दहा मिनिटं त्याला काम करू द्या आणि मग फोडणीत टाका. आणि माणगंगेकाठी यांनी जे सांगितलं, लसूण दोनदा घालायचा, ते रसायनाच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. तळलेला आणि न तळलेला लसूण हे जिभेला दोन वेगळे मसाले आहेत.

पाकिटातल्या पेस्टमध्ये आंबटपणा आणि मीठ घालून टिकाऊपणा आणलेला असतो. झणका त्यात उरत नाही.

माणगंगेकाठी

सर, आमच्या आजीला हे कुणी सांगितलं असेल? ती लसूण ठेचून परातीच्या कडेला ठेवायची आणि मग पीठ चाळायला बसायची. दहा मिनिटं सहज जायची.

मिरज_जंक्शन

सरांच्या उत्तरात चिरलेला सौम्य आहे असं स्पष्ट लिहिलंय. सौम्य म्हणजे चांगला असं मी वाचतो 😄

खटावची_लेक

आणि ठेचलेला सगळ्यांत उग्र, तेही लिहिलंय. मैत्रिणीला हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणते, “सांगलीचे सर आहेत, म्हणजे माझ्याच बाजूचे.”

तुळशीमाळ

मी वेगळ्या बाजूनं लिहिते. आमच्या घरी तीन पिढ्या माळ आहे. सासूबाई कांदा-लसूण अजिबात खात नाहीत, आम्ही बाकीचे चातुर्मासात आणि एकादशीला टाळतो. चातुर्मासातली आमटी मला कधी कमी वाटली नाही. हिंग, जिरं, आमसूल, गूळ, ओलं खोबरं, त्याची स्वतःची एक शांत चव आहे. साधं जेवण म्हणजे लसूणच असं नको व्हायला, एवढंच.

तरी आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, आमच्या घरात काय चालतं ते सांगते. चातुर्मास सुरू व्हायला दोनच दिवस उरलेले असतात. त्या दिवशी भजी, भरलेली वांगी, झुणका, लसणाची चटणी सगळं एकाच पानात. पोरं आदल्या दिवसापासून वाट बघतात. चार महिने थांबायचं असतं म्हणून त्या दिवशीचा लसूण असा लागतो की काय सांगू.

कराडची_सून

@तुळशीमाळ, किती छान लिहिलंत. माझं माहेर फलटणकडं. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते तेव्हा गावोगाव पिठलं-भाकरीच्या पंगती असतात. आमच्या घरी वारकऱ्यांसाठी दोन पातेली चढायची, एक लसणाचं आणि एक बिनलसणाचं हिंग-जिऱ्याचं. वाढणारी माणसं आधी विचारायची, “माउली, लसणाचं चालेल का?” आणि मगच पळी बुडवायची.

शिवार_वाळवा

लसूण लावणाऱ्याचं पण ऐका. आमचा ऊस आहे, पण दरवर्षी बांधाच्या कडेनं दोन-चार वाफे लसूण घरापुरता असतो.

याचं बी नसतं. पाकळीच लावायची, टोक वर ठेवून. दसरा-दिवाळीच्या सुमाराला लावला की फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. पात पिवळी पडून माना मोडायला लागल्या की पाणी तोडायचं. काढल्यावर पातीसकट सावलीत वाळवायचा आणि पातीच्या जुड्या बांधून हवेशीर जागी टांगायचा. असा टांगलेला गावरान लसूण दिवाळीपर्यंत येतो. फ्रीजमध्ये ठेवू नका, गारव्यानं त्याला वाटतं लावणीचा हंगाम आला आणि कोंब फुटतात. कोंब आलेला लसूण खायला काही हरकत नाही, फक्त तळताना आतला हिरवा कोंब काढा, तो कडवट लागतो.

गावरान पाकळी बारीक, गुलाबी सालीची, सोलायला जीव खाते, पण झणका तिचाच. राजगुरुनगरला केंद्र सरकारचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. त्यांच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती उत्पन्नाला चांगल्या. राहुरीच्या विद्यापीठाच्या गोदावरी आणि श्वेता पण लोक लावतात. बाजारात तुम्हाला मिळतो तो बहुतेक मध्य प्रदेशातला, मंदसौर-नीमचकडचा. देशात सगळ्यांत जास्त लसूण त्याच राज्यात पिकतो. २०२४ च्या सुरुवातीला किरकोळ भाव चारशेच्या वर गेला होता तेव्हा आमच्या चार वाफ्यांची सगळ्या भावकीला आठवण आली. पाहुण्यांना निघताना साडीऐवजी लसणाची जुडी दिली तरी खूश होत होते.

आणि चिनी लसूण घेऊ नका. त्याच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे, तरी चोरून येतो. फार मोठा, फार पांढराशुभ्र, पाकळ्या कमी आणि जाड, सोलायला एकदम सोपा दिसला की दोनदा विचारा.

बाकी ठेचायचा की चिरायचा ते तुम्ही बघा. नुसती लसणाची हिरवी पात मिळाली तर डिसेंबर-जानेवारीत हिरवी मिरची, मीठ, शेंगदाणे घालून पाट्यावर वाटा. बाजरीची भाकरी आणि लोणी. कालवणाची आठवण येत नाही.

भडंग_भक्त

सांगली म्हटलं आणि अजून कुणी भडंगाचं नाव काढलं नाही?! पुण्यात राहून हे वाचताना जीव तळमळतोय.

भडंगाचा जीव लसणात आहे. कुरकुरीत चुरमुरे, शेंगदाणे, कढीपत्ता, भडंगाचा मसाला आणि सालासकट ठेचून तेलात कुरकुरीत केलेला लसूण. ती तळलेली साल दाताखाली आली की कागदासारखी मोडते. वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू. आमच्या घरी पाऊस लागून राहिला की रात्रीचं जेवण हेच असायचं, सोबत मिरचीची भजी. आई म्हणायची, “हे काय जेवण आहे?” आणि वाटी तिचीच आधी रिकामी व्हायची.

खटावची_लेक

@भडंग_भक्त, सालासकट! कुणीतरी माझ्या बाजूचं बोललं. साल असली की ठेचलेला लसूण लगदा होत नाही, कढईलाही चिकटत नाही. @मिरज_जंक्शन यांच्या तक्रारीला हेच उत्तर आहे.

मिरज_जंक्शन

भडंगात मान्य. तिथं साल तळली जाते. वरणात साल तरंगताना दिसली की मला जेवण जात नाही.

वाईकर

उशिरा येतोय. वाघ्या घेवड्याचं नाव घेतल्याशिवाय सातारा जिल्ह्यातल्या साध्या जेवणाचा धागा पूर्ण कसा होईल? कोरेगाव भागातला हा घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे, भौगोलिक मानांकन मिळालेला. शिजला की पट्टे जातात आणि आमटीला तांबूस रंग चढतो. दाणा लोण्यासारखा मऊ होतो, पण फुटत नाही.

सकाळी कामाला जाताना भिजत घालायचा. संध्याकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात कुकरला चांगल्या पाच-सहा शिट्ट्या. हा घेवडा अर्धवट शिजलेला खाऊ नये, पोट बिघडतं, पूर्ण मऊ होऊ द्यावा. फोडणीत तेल, मोहरी, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या दहा पाकळ्या चांगल्या तांबूस होईपर्यंत. मग आच बारीक करून घरची चटणी, लगेच घेवडा त्याच्या पाण्यासकट. चटणी तेलात करपू द्यायची नाही. दोन चमचे दाण्याचं कूट, चवीपुरता गूळ. पाच मिनिटं उकळी. भाकरी कुस्करून खा, भातावर घ्या, नाहीतर वाटीत घेऊन प्या.

भिजवायला वेळ नसेल तर अख्खा मसूर आहेच. इस्लामपूर, कराडच्या धाब्यांवरचा कांदा-टोमॅटोचा वेगळा. घरी नुसत्या लसणावर करा. मसूर न भिजवताही कुकरमध्ये पटकन शिजतो.

आणि एक आग्रहाची गोष्ट. थंडीत कृष्णाकाठची मोठी वांगी आली की भरीत करा आणि त्यात लसूण कच्चा घाला. वांगं थेट जाळावर भाजायचं, सोलायचं, कुस्करायचं. हिरवी मिरची, कच्चा लसूण, मीठ एकत्र ठेचून त्यात मिसळायचं आणि वर कच्चं तेल. भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि कच्च्या लसणाचा झणका एकत्र येतात तेव्हा मध्ये फोडणी आणली तर दोन्ही मरतात. लोक हल्ली भरताला कांदा-टोमॅटोची फोडणी देतात, ती भाजी झाली. मला ते पटत नाही.

जतचा_शाळू

वाईकरांशी शंभर टक्के सहमत. कच्चा लसूण विसरत चाललोय आपण.

आमच्याकडं शाळवाचा हुरडा निघतो तेव्हा सोबत खोबरं-लसणाची चटणी लागतेच. सुकं खोबरं भाजून घ्यायचं, लसूण मात्र कच्चा, लाल तिखट, मीठ, उखळात कुटायचं. लसूण भाजला की ती चटणी टिकते जास्त पण हुरड्याच्या गोडीपुढं फिकी पडते. गरम हुरडा, ही चटणी, थोडं दही. शेतात बसून खाताना पोट कधी भरलं ते कळत नाही.

नवीन_संसार

सर, तेलाचं सांगितलंत ते फार बरं झालं, बरणी बाद. सगळ्यांच्या उत्तरांवरून घरी खर्डा केला, बायकोला इतका आवडला की आता आमच्याकडं वाटी आणि तवा वेगळा काढून ठेवलाय. एक शंका. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोंडाचा वास येतो. दात घासून जात नाही. उपाय?

रसायनवाले_सर

दात घासून जाणार नाही कारण तो वास तोंडातला नसतो. लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ पोटातून रक्तात जातो आणि तिथून फुप्फुसांवाटे श्वासात येतो, म्हणून तो तासन् तास राहतो. जेवणासोबत दूध घेतलं तर कमी होतो असं प्रयोगात दिसलेलं आहे. कच्चं सफरचंद आणि पुदिनाही मदत करतात. आपल्याकडं भाकरी-खर्ड्यासोबत पुदिन्याची चटणी किंवा वाटीभर दूध घ्यायला हरकत नाही.

कराडची_सून

किंवा ऑफिसातल्या सगळ्यांना डब्यातला खर्डा वाटा. सगळ्यांच्याच तोंडाला वास, कुणाला कळणार नाही.

आटपाडीची_मावशी

पोरींनो, तुमचा धागा वाचून बरं वाटलं. परगावी राहून रोज भाकरी थापता, कालवण करता, याचं मला फार कौतुक वाटतं.

हुलग्याचं माडगं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. शेंगोळीला वेळ नाही, तर माडगं करा. दोन चमचे हुलग्याचं पीठ कोरडंच जरा भाजून घ्या, खमंग वास आला की उतरवा. गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा. तुपात जिरं आणि ठेचलेला लसूण परतून त्यात हे पाणी ओता, मीठ, हळद. हलवत उकळा, पेजेसारखं होतं. पाऊस-पाण्याचं भिजून आलात, घसा धरला, जेवायची इच्छा नाही, अशा रात्री एवढं प्यायलं तरी पुरे. आम्ही पोरांना तापातून उठल्यावर हेच द्यायचो.

हरभऱ्याचा पाला थंडीत मिळतो तो निवडून सावलीत वाळवून ठेवा. उन्हाळ्यात भाजी नसली की मूठभर वाळला पाला, चमचाभर डाळीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट आणि पळीभर तेलात तळलेला लसूण. तो आंबूसपणा लसणाशिवाय खुलत नाही.

तुळशीमाळ

मावशी, माडग्यात लसणाऐवजी नुसतं जिरं-सुंठ चालेल का? सासूबाईंसाठी विचारते.

आटपाडीची_मावशी

चालेल की. सुंठ चिमूटभरच घाला, आणि थोडा गूळ. त्यांना गरम गरम द्या, गार झालं की घट्ट होतं.

खटावची_लेक

मंडळी, पानं भरून मिळालं, मनापासून आभार. आता वही केली आहे. सोमवारी भात, मंगळवारी पिठलं आणि खर्डा, असं आठवड्याचं लिहून दाराला लावलंय. शेंगोळी रविवारी केली. मैत्रिणीनं वेटोळी वळली, तिला ते फार छान जमतं. पिठात ठेचलेला लसूण मी घातला, रश्श्यात चिरलेला तिनं. दोघींच्याही पद्धतीनं झालं आणि कढईला काही लागलं नाही.

तरी आमटीबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुरीच्या डाळीच्या साध्या आमटीला ठेचलेला, सालासकट, चांगला तांबूस केलेला लसूण. वाढताना साल बाजूला काढायची, एवढंच.

एक शेवटचं विचारते. मेथीची जुडी आणली आहे. मेथीला लसूण आधी की नंतर? आमच्याकडं आधी फोडणीत घालतात, ती म्हणते भाजी झाल्यावर वरून फोडणी द्यायची.

मिरज_जंक्शन

वरून. मेथी कोरडी परतून घ्या, झाकण न ठेवता, म्हणजे हिरवी राहते. मग छोट्या कढल्यात तेल, लसणाचे काप, सुकी मिरची आणि चुर्र करून भाजीवर. काप कुरकुरीत राहतात.

कराडची_सून

सुकी भाजी असेल तर मिरजकरांचं ऐका. पातळ भाजी, डाळ-शेंगदाणे आणि ताक घालून करणार असाल तर लसूण आधी ठेचून फोडणीत, आणि थोडा वरूनही. ताक घातल्यावर उकळू देऊ नका, फाटतं. आच बारीक ठेवून हलवत राहा, कढ यायच्या आत उतरवा.

खटावची_लेक

जुडी मोठी आहे. अर्धी सुकी, अर्धी ताकातली. मैत्रीण काप करायला बसली, मी खलबत्ता काढते.